कुठं जायचंय ते सांगा

बत्तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. डबल बेल देऊन गाडी डेपोबाहेर पडली की एकेका सीटपाशी जाऊन एकच प्रश्न विचारायचा, "कुठं?" नेवासा फाटा म्हटलं की फाट्याचं तिकीट, शेवगाव म्हटलं की शेवगावचं. एवढ्या वर्षांत "तुम्हाला बरं वाटेल तिथलं द्या" म्हणणारा प्रवासी मला एकही भेटला नाही. प्यालेला माणूससुद्धा गावाचं नाव बरोबर सांगतो.

देवासमोर मात्र मी स्वतः कित्येक वर्षं बिनगावाचा प्रवासी होतो. "हे प्रभू, सर्वांना आशीर्वाद दे, आजाऱ्यांना आरोग्य दे, दुःखितांचं सांत्वन कर, राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे." आमेन झालं की काय मागितलं ते पाच मिनिटांत मीच विसरायचो.

आमची ख्रिस्ती मंडळी नगर जिल्ह्यातली. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, म्हणजे प्रार्थनेची सवय इथं पिढ्यान् पिढ्यांची. घोटाळा या सवयीचाच आहे. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, ऐकलेली वाक्यं तोंडात अशी बसतात की ती म्हणताना डोकं लागतच नाही. आता तरुण पोरं घरी येऊन विचारतात, "काका, प्रार्थनेला बसलो की दोन मिनिटांत सगळं बोलून होतं. पुढं काय?" त्यांना जे सांगतो ते इथं लिहितोय. मी पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, ते शिक्षण देणाऱ्या सेमिनरीची पायरी कधी चढलेलो नाही, तेव्हा त्या हिशोबानं वाचा.

आजीचा गुडघा

तीनेक वर्षांपूर्वीची गुरुवारची घरसभा, एका आजीच्या घरी. दोन गीतं झाली, वचन झालं, शेवटची प्रार्थना माझ्याकडे आली. मी युक्रेनच्या युद्धापासून सुरुवात केली. मग देश, राज्य, पाऊसपाणी, बिशपसाहेब, पाळकसाहेब, परीक्षेला बसलेली मुलं. आत पोहे गार होत होते. आमेन झाल्यावर आजी पदर सावरत म्हणाली, "भाऊ, सगळ्या जगाला फेरी मारून आलात. माझ्या गुडघ्यापाशी तेवढी गाडी थांबली नाही."

सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं.

"काय मागू, आजी?"

"मंगळवारी नगरला इंजेक्शन घ्यायला जायचंय. सुनेला रजा नाही. एसटीची पायरी मला एकटीला चढवत नाही. कुणीतरी सोबतीला पाठव म्हणावं देवाला."

मी पुन्हा डोळे मिटले आणि तेवढंच मागितलं. अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. डोळे उघडले तर आजी माझ्याकडेच बघत होती.

मंगळवारी मीच गेलो. आजी पंचाहत्तरीच्या पुढची, तिला तिकीटच नाही, माझं ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं. एसटीची पहिली पायरी किती उंच असते हे बत्तीस वर्षं त्याच दारात उभं राहून मला कधी जाणवलं नव्हतं. आजीचं कोपर धरून तिला वर घेताना जाणवलं.

मोघम मागितलं की ते मिळालं का नाही हे कधीच कळत नाही, हे तर आहेच. पण त्या दिवशी दुसरंही एक लक्षात आलं. नेमकं मागितलं की त्यातलं थोडं काम फिरून आपल्याच अंगावर येतं. आपण मोघम मागतो ते बरेचदा त्या भीतीनंच, असं मला वाटतं. "आजाऱ्यांना बरं कर" म्हणण्यात कुणाचा मंगळवार जात नाही.

डोळे मिटायच्या आधी वही

शंभर पानी साधी वही घ्या. मला वे-बिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायची सवय, म्हणून मी चार रकाने आखतो. तारीख. काय मागतोय. त्यात माझं काम काय. आणि शेवटी, काय झालं. यात माझं डोकं काहीच नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर आपलं मागणं आणि त्याचं उत्तर असंच लिहून ठेवायचे.

दुसऱ्या रकान्यातलं मागणं एका ओळीत बसलं पाहिजे. बसत नसेल तर आपल्याला काय हवंय ते अजून आपल्यालाच कळलेलं नाही असं समजायचं. "माझ्या करिअरला आशीर्वाद दे" हे ओळीत बसतं, पण त्याला गाव नाही. "सोमवारी मुलाखतीत माझी बोबडी वळू देऊ नकोस" याला आहे. "घरात शांती दे" याला नाही. "रात्री जेवताना मी बाबांवर ओरडतो, ते मला थांबवता येऊ दे" याला आहे. शिवाय हे लिहिल्यावर तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते वेगळं विचारावं लागत नाही.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय "माझ्यावर दया करा" म्हणून ओरडत होता. तो आंधळा आहे हे येशूला दिसत नव्हतं का? तरी त्यानं विचारलंच, "मी तुझ्यासाठी काय करावं?" बायबलात मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे. 'दया करा' हे मोघम होतं. मग तो म्हणाला, मला दिसावं. लूकच्या अकराव्या अध्यायातला माणूस मध्यरात्री मित्राचं दार ठोठावतो, तो "काहीतरी खायला दे" म्हणत नाही. तीन भाकरी उसन्या दे म्हणतो. मोजून तीन.

यावर एखादं हुशार पोरगं विचारतंच, "देवाला आधीच सगळं ठाऊक आहे, मग सांगायचं कशाला?" प्रश्न खोटा नाही, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू स्वतःच म्हणतो की तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक असते. पण ते तो लांबलचक बडबड करणाऱ्यांना सांगतोय. आणि लगेच पुढच्या ओळीत मागायला शिकवतो. ठाऊक आहे म्हणून लांबण लावू नका, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

पण या बाबतीत माझा खरा गुरू बायबलातला नहेम्या, परक्या राजाच्या दरबारी चाकरीला असलेला यहुदी. पोरांना मी पहिल्यांदा त्याचंच पुस्तक वाचायला लावतो, पहिले दोन अध्याय. यरुशलेमची तटबंदी पडलीय, वेशी जळल्यात हे कळल्यावर तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. ती किसलेव महिन्यात सुरू झाली आणि राजाशी बोलायची वेळ आली नीसान महिन्यात, म्हणजे चारेक महिन्यांनी. राजानं विचारलं, "तुझं मागणं काय?" नहेम्यानं मनातल्या मनात देवाला हाक मारली. राजा समोर असताना ती किती लांब असणार, एका श्वासाची. आणि मग त्यानं काय मागितलं ते बघा. जायला परवानगी. परत यायची मुदत. नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावानं पत्रं. आणि राजाच्या रानाचा राखणदार आसाफ, त्याच्या नावानं वेशींच्या लाकडासाठी एक पत्र. लाकूड कुणाकडं मिळतं तेसुद्धा माणसानं काढून ठेवलं होतं! चार महिन्यांच्या प्रार्थनेत तो हेही करत होता. पुढं चौथ्या अध्यायात शत्रू चालून येतो तेव्हा एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. वहीतला माझा तिसरा रकाना तिथून आलाय.

वेळ, जागा, शरीर

यावर फार बोलण्यासारखं नाही. वेळ ठरलेली असावी आणि जागा तीच असावी. नोकरीत माझी बरीचशी प्रार्थना मुक्कामी गाडीत झाली. गावात गाडी रात्रीची लागायची, पहाटे साडेपाचला सुटायची. ड्रायव्हर उठायच्या आत मी मागच्या लांब सीटवर बसायचो. रॉकेलचा, डिझेलचा, कुणाच्या तरी सांडलेल्या दुधाचा वास. कुणी म्हणेल ही काय प्रार्थनेची जागा. माझं मन तिथं जेवढं लागलं तेवढं पुढं देवळातही लागलं नाही. आता स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसतो, मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून.

गुडघे टेकलेच पाहिजेत असं काही नाही. टेकता आले तर टेका, मन लवकर जागेवर येतं. बायबलातली हन्ना शिलोच्या मंदिरात प्रार्थना करताना नुसते ओठ हलवत होती, एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय. येशूचा शिष्य पेत्र तर पाण्यात बुडता बुडता बोलला, "प्रभूजी, मला वाचवा." तीन शब्द, पण पोचले.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं दहा मिनिटं ठरवावीत. अर्धा तास ठरवलात तर तिसऱ्या दिवशी सुटेल. उपास-प्रार्थनेचं मी कुणाला आग्रहानं सांगत नाही. मला स्वतःला शुगर आहे, मी डॉक्टरांना विचारूनच करतो.

भाषा घरची वापरा. "हे स्वर्गीय पित्या, तुझ्या कृपासनासमोर आम्ही लीन होऊन" असं जेवणाच्या टेबलावर कुणी बोलतं का? देवळातल्या उपासनेची ती भाषा देखणी आहे, तिथं असू द्या. माझी आई जात्यावर बसून म्हणायची, "देवा, पोरांच्या पोटाला आज मिळू दे रं." अशिक्षित होती, पण तिच्या मागण्यात 'पोरं' होती, 'पोट' होतं आणि 'आज' होतं. कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पुढं राहुरी-नगरकडे राहिले आणि आमची भक्ती अभंग-ओवीत आणली ती काय उगाच नाही. शब्द सुचत नसतील तर त्यांचं एखादं भजन आधी गुणगुणा, जीभ सैल होते.

आणि पालुपद मोजा. माझ्या नातवानं एकदा माझ्या प्रार्थनेत 'प्रभूजी' किती वेळा आलं ते बोटांवर मोजलं. तो सदतीसला थांबला, कारण त्याला हसू आवरेना. दम घ्यायला जागा म्हणून आपण तो शब्द घालतो. दम घ्यायचा तर गप्प बसावं, देवाची हरकत नसते.

आमची भाकर

बोलायला काहीच सुचत नाही त्या दिवसासाठी येशूनं शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' आहेच. घडाघडा म्हणून संपवू नका. एक दिवस एकच ओळ घ्या आणि तिच्यात आपला दिवस भरा. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." यात 'माझी' नाही, 'आमची' आहे. पूर्ण प्रार्थनेत 'मी' शोधून बघा, सापडणार नाही. मग 'आमची' म्हणजे कुणाकुणाची? मी नावं घेतो. घरातले पाच. शेजारची बाई, जिच्या नवऱ्याचं काम सुटलंय. तिचं नाव घेतलं की तिसरा रकाना भरावा लागतो, आणि मग सौ. मला किराण्याच्या दुकानात पाठवते. याकोबाच्या पत्रात स्पष्टच आहे, उघड्यानागड्या, उपाशी भावाला "सुखी राहा, ऊब घ्या" म्हणून वाटेला लावलं तर त्याचा उपयोग काय?

मन जड असेल तर बायबलातली स्तोत्रसंहिता. तेराव्या स्तोत्राची सुरुवात 'किती काळ' अशा तक्रारीनं होते, आणि स्तोत्रकर्ता तेच तेच चार वेळा विचारतो. तक्रार चालते, हे मला फार उशिरा कळलं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासासुद्धा नाही. तेही बायबलमध्ये आहे.

सुट्टे पैसे

कबुलीतही मोघमपणा चालत नाही, आणि हे मी आजीच्या आधीच शिकलो होतो. रविवारी आपण सगळे मिळून म्हणतो की विचारानं, उच्चारानं, आचारानं पाप केलं. बरोबर आहे, सगळ्यांनी मिळून तसंच म्हणायचं. पण घरी एकट्यानं बसल्यावर तिकीट फाडावं लागतं.

सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो. उतरताना प्रवाशानं मागून घ्यायची. कितीतरी लोक विसरतात. एकदा धोतर-टोपीतले एक बाबा चाळीस रुपये बाकी असताना उतरून गेले. मला आठवत होतं. मी हाक मारली नाही. संध्याकाळी हिशोब दिला, वरचे चाळीस खिशात. त्या रात्री मुक्कामाला प्रार्थनेला बसलो आणि म्हणालो, "प्रभू, माझी पापं क्षमा कर." काही वाटलं नाही. मग म्हणून पाहिलं, "प्रभू, त्या टोपीवाल्या बाबांचे चाळीस रुपये मी ठेवलेत." घशाशी आलं. एवढाच फरक आहे.

पुढचे आठ दिवस त्या फाट्यावर गाडी थांबली की मी खाली उतरून बघायचो. नवव्या दिवशी बाबा सापडले. पैसे दिले तर म्हणाले, "मला वाटलं मीच पाडले कुठंतरी." येशूला भेटल्यावर जकातदार जक्कय चौपट परत करतो म्हणाला होता, मी चाळीसचे चाळीसच दिले.

दुसऱ्यासाठी मागताना

आधी त्याला विचारा, काय मागू? आपण गृहीत धरतो तेच त्याला हवं असतं असं नाही. एक माणूस कॅन्सरनं आजारी होता, आम्ही सगळे 'बरं कर' म्हणत होतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "रात्री झोप लागू दे आणि बायकोला माझी चिडचिड सोसू दे." आम्ही तेही मागायला लागलो. कुणी 'प्रार्थना चाललीय, आता गोळ्या बंद करा' म्हणालं तर त्याचं ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौलानं 'प्रिय वैद्य' म्हटलंय, तो वैद्यकी सोडून आला असं कुठं लिहिलेलं नाही.

जे ऐकलं ते तिथंच ठेवा. "अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, तुम्हाला कळलं का?" ही प्रार्थनाविनंती नसते, चहाडी असते. आणि कौटुंबिक प्रार्थनेतून टोमणे नकोत. "प्रभू, या घरातल्या काही जणांना सकाळी लवकर उठायची बुद्धी दे" असं सासूनं म्हटलं की सून आमेन कशी म्हणणार? आमच्या घरी हे झालेलं आहे. कुणी केलं ते सांगत नाही, जेवण मला घरीच मिळतं.

शेवटचा रकाना

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे वाक्य आपण पळवाट म्हणून वापरतो, न मागताच आधी म्हणून टाकतो. पकडला जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत येशूनं क्रम वेगळा ठेवला. आधी काय हवं ते सरळ सांगितलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. मग म्हणाला, तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे. प्याला दूर झाला नाही. पौलानं अंगातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे" एवढं उत्तर मिळालं. तेव्हा शेवटचा रकाना तुम्हाला हवा तसा भरेल असं मी कुणाला सांगत नाही. दर महिन्याला मागची पानं चाळा एवढंच सांगतो. काही ओळींपुढं 'झालं' येतं, काहींपुढं 'नाही'. काही मागणी वाचून आपलीच लाज वाटते, ती खोडावीत.

माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर एक ओळ आहे: "थोरल्यानं माझ्याशी बोलावं." जमिनीच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद झालं त्याला पुष्कळ वर्षं झाली. चूक कुणाची ते आता दोघांनाही नीट सांगता येणार नाही. तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, "नाताळला फराळाचं ताट घेऊन स्वतः जायचं." पहिल्या वर्षी वहिनीनं दारातच ताट घेतलं, तो आतून बाहेर आला नाही. दुसऱ्या वर्षी तो ओसरीवर बसला होता, वर्तमानपत्र खाली केलं नाही. दोन्ही वर्षी ताट धुऊन, पुसून, रिकामं परत आलं.

गेल्या नाताळलाही तो बोलला नाही. संध्याकाळी त्याचा नातू ताट परत घेऊन आला, वर फडकं झाकलेलं. सौ.नं फडकं काढलं. मी वही आणली आणि शेवटच्या रकान्यात तारीख टाकून लिहिलं: करंज्या, ४.